अर्ध्या ओळीतली मैत्रीण

बांगड्या काढ. मंगळसूत्रही. नखांना रंग असेल तर पूस. सात आठवड्यांपूर्वी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्सने हेच सांगितलं होतं, आणि आईच्या ओंजळीत एकेक दागिना ठेवताना तुला उगीचच आपण नदीत उतरतोय असं वाटलं होतं. आजही तसंच. फोन, घड्याळ, काही न्यायचं नाही. एकच गोष्ट बरोबर येईल, कारण ती उतरवून ठेवता येत नाही. तुझं दूध. बाळ आत्ताच पिऊन झोपलंय, आई जवळ आहे. तुला इथले दोन तास मिळतील. तिकडे ते अकरा दिवस होतील.

का निघायचं, ते तुला ठाऊक आहे. काल बाळ बघायला आलेल्या काकू पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, "सिझर ना? बरं झालं बाई. कळा नाहीत, काही नाही, आयतं बाळ हातात." तू हसलीस. हसताना टाक्यांवर हात ठेवलास, ती सवय अजून गेलेली नाही. काकूंशी वाद घालू नकोस. त्या पुढच्या घरीही हेच बोलणार आहेत. तू माझ्याबरोबर चल.

दार इतकं ठेंगणं आहे की कमरेत वाकावं लागतं, आणि वाकलं की तुझी शिवण ओढली जाते. आत गवताचा, धुराचा आणि आंबलेल्या केळ्यांचा वास. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांब. साल १८७९. आफ्रिकेच्या पोटात, आजच्या युगांडाच्या पश्चिमेला, बुन्योरोचं राज्य आहे आणि कबालेगा तिथला राजा आहे. हे गाव काहुरा. समोर उतरता बिछाना, त्याचं डोक्याकडचं टोक झोपडीच्या भिंतीला टेकलेलं. त्यावर एक विशीची मुलगी आहे, धडधाकट, देखणी. पहिलटकरीण.

तिच्या अंगावर काही नाही. छातीवरून एक पट्टा नेऊन तिला बिछान्याशी बांधलंय. मांड्यांवरून दुसरा. झाडाची साल कुटून कुटून केलेलं हे कापड, म्बुगू म्हणतात त्याला. एक माणूस तिचे घोटे धरून बसलाय, दुसरा उजवीकडे उभा राहून दोन्ही हातांनी तिचं पोट स्थिर धरतोय. तिला केळ्यांची दारू भरपूर पाजलीय. डोळे अर्धवट मिटलेत.

तुला आठवतं, तुझ्या वेळी भूलतज्ज्ञ म्हणाले होते, "पाठ मांजरीसारखी वाकवा, हलू नका." मग मणक्यात एक थंड रेघ उतरली आणि कमरेखालचं शरीर दुसऱ्या कुणाचं तरी झालं. ती सोय पहिल्यांदा व्हायला इथून अजून एकोणीस वर्षं आहेत. जर्मनीत ऑगस्ट बिअर १८९८ मध्ये ती करेल. क्लोरोफॉर्म आहे, पण तो एडिंबरात आहे. इथे केळी आहेत.

कोपऱ्यातला गोरा पोरगा दिसला? तो रॉबर्ट फेल्किन. वय सव्वीस. वैद्यकीचं शिक्षण पुरं व्हायच्या आधीच चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांबरोबर नाईलच्या वाटेने इथवर आलाय. परत जाऊन तो डॉक्टर होईल आणि १८८४ मध्ये आज इथे पाहिलेलं एडिंबराच्या वैद्यकीय मासिकात छापेल. पुढे तो गूढविद्येच्या नादी लागला आणि १९२६ साली न्यूझीलंडमध्ये वारला, पण ते आपल्या कामाचं नाही. आपल्या कामाचं इतकंच, की त्याची नजर चांगली आहे. जे दिसलं ते तो ओळीने लिहितो. त्याने लिहिलेल्याला मी हात लावणार नाही. झोपडीतला धूर आणि तुझ्या मनात चाललेलं, तेवढं माझं.

भोवती सगळे पुरुष आहेत, हे तुला खटकलंय. खटकू दे.

शस्त्रक्रिया करणारा डावीकडे उभा आहे. उजव्या हातात सुरी उंच धरून तो काहीतरी पुटपुटतो. मग सुरी खाली घेतो आणि हात धुतो. आधी केळ्यांच्या दारूने, मग पाण्याने. तिचं पोटही तसंच, आधी दारूने, मग पाण्याने. हा क्षण बघून ठेव. बत्तीस वर्षांपूर्वी व्हिएन्नात सेमेलवाइस सहकाऱ्यांना हात धुवा म्हणून सांगत होता आणि ते चिडत होते. लिस्टरने जखमेवर कार्बोलिक वापरायला सुरुवात करून पुरती पंधरा वर्षंही झालेली नाहीत. त्या दारूने जंतू किती मरत असतील याची मला फारशी खात्री देववत नाही, तशी ती सौम्यच. पण कापण्याआधी हात आणि पोट दोन्ही धुवायचं असतं, हे या माणसाला कुणी छापील कागदातून शिकवलेलं नाही.

तो एक किंकाळी फोडतो. झोपडीबाहेर जमलेली माणसं ती उचलून धरतात, बाहेरून एकच आरोळी उठते, आणि त्या आवाजातच सुरी फिरते. ओटीपोटाच्या खालून बेंबीच्या जरा खालीपर्यंत, मधोमध उभी. एका झटक्यात पोटाची भिंत आणि गर्भाशयाचाही काही भाग. पाणी उसळून बाहेर येतं.

तुझा हात परकराच्या नाडीखाली जातो. तुझी चीर आडवी आहे, खाली, कुणाला न दिसणारी. तशी आडवी चीर ज्याच्या नावाने ओळखली जाते तो फानेनश्टील ती १९०० साली मांडेल. या पोरीची खूण मात्र उभी राहील, आयुष्यभर, नांगराच्या तासासारखी.

पोटाच्या कडांना जिथे रक्त येतंय तिथे मदतनीस लाल तापलेलं लोखंड टेकवतो, अगदी जरासं. जळल्याचा वास येतो. सुरीवाला आता गर्भाशयाची चीर पुरी करतो, मदतनीस दोन बोटं अडकवून ती उघडी धरतो, आणि मूल बाहेर येतं. नाळ कापून ते दुसऱ्या माणसाच्या हातात जातं. बाळाच्या उजव्या खांद्यावर छोटासा ओरखडा आहे. चार दिवसांत तो भरून येईल.

मुलगा की मुलगी? फेल्किनच्या कागदात ते नाही. "मूल" एवढंच. तुझ्या वेळी हिरव्या पडद्यावरून बाळ दिसायच्या आधी तू हेच विचारलं होतंस, आणि बाहेर तुझ्या नवऱ्याला, आईला, सासऱ्यांना आलेल्या पहिल्या दहा फोनांपैकी दहांनी. या झोपडीत, निदान कागदावर, तो प्रश्न कुणी विचारत नाही. बरं वाटतं.

आता इकडे बघ, कारण खरं कसब पुढे आहे. माणूस सुरी टाकून देतो आणि दोन्ही हातांनी गर्भाशय धरून एकदा-दोनदा पिळतो. वार जिथे चिकटलेली असते तिथे रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्यांना बांधायला दोरा पुरत नाही. गर्भाशयाचा स्नायूच आवळला गेला तर त्या मिटतात. तुझ्या डॉक्टरांनी त्यासाठी ऑक्सिटोसिन दिलं होतं, याच्याकडे मनगटं आहेत. मग तो आत हात घालून दोन-तीन बोटांनी गर्भाशयाचं तोंड आतून बाहेरच्या दिशेने रुंद करतो, म्हणजे पुढचं रक्त साचून न राहता वाटेला लागेल. गुठळ्या काढतो, सुटलेली वार काढतो. आतडी बाहेर येऊ बघतात, मदतनीस ती थोपवतो, पण त्याला ते पुरतं जमत नाही. फेल्किनने तेही लिहिलंय, आणि त्याबद्दल मला तो आवडतो. गर्भाशय दगडासारखं घट्ट होईपर्यंत सुरीवाल्याने दाब सोडलेला नाही.

गर्भाशयाला टाका मात्र एकही घातला जात नाही. थांब, नाक मुरडू नकोस. याच काळात युरोपातही तो सहसा घालत नसत, आणि तिथे या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक बायका रक्तस्रावाने नाहीतर पू होऊन मरत होत्या. तीन वर्षांपूर्वी, १८७६ मध्ये, इटलीत पावियाला एदुआर्दो पोरोने जूलिया काव्हालिनी या पंचवीस वर्षांच्या पहिलटकरणीला वाचवलं, तेव्हा युरोपभर गाजावाजा झाला. त्याने काय केलं? मूल काढल्यावर गर्भाशयच कापून टाकलं. बाई वाचली, तिची कूस गेली. गर्भाशय नीट शिवता येतं हे लाइपझिगच्या मॅक्स झेंगरने दाखवलं ते १८८२ मध्ये. म्हणजे तू आज उभी आहेस तिथून तीन वर्षांनी. काहुरातल्या माणसाने बाई आणि तिची कूस दोन्ही ठेवली आहेत.

जखमेवर गवताची सच्छिद्र चटई दाबून बांधतात. पट्टे कापतात. तिला अलगद बिछान्याच्या काठाशी आणतात आणि माणसांच्या हातांवर पालथी करतात. पोटात साचलेलं सगळं जमिनीवर निथळतं. पुन्हा उताणी. चटई काढून जखमेच्या कडा एकमेकींशी जुळवतात आणि त्यांतून सात बारीक, घासून चकचकीत केलेले लोखंडी खिळे आरपार घालतात, सालीच्या दोऱ्याने बांधून टाकतात.

आणि आता ती ओरडते. आत्तापर्यंत तिच्या तोंडून आवाज निघाला नव्हता. पोट कापलं तेव्हा नाही, लोखंड टेकवलं तेव्हा नाही. खिळ्यांना मात्र.

तुझ्या वेळी दुखलं नव्हतं, हे खरं. पण धान्याच्या कोठीत हात घालून कुणी तळ खरवडावा तशी ती ओढाताण तुला कळत होती, दात वाजत होते, आणि पडद्यापलीकडे दोघीजणी लोणावळ्याच्या सहलीबद्दल बोलत होत्या. तो आवाज तुला अजून स्वप्नात येतो. काकूंना हे सांगता येत नाही.

दोघे जण कसलीशी मुळं चावताहेत. दोन वेगळ्या झाडांची. चावून चोथा वाटीत थुंकतात आणि तो लगदा जखमेवर जाड थापतात. तुला मळमळतं, ते साहजिक आहे. पण त्यावर काय ठेवतात ते बघ. केळीचं पान, विस्तवावर शेकून. पान आचेवर धरलं की मऊ पडतं, मग चिरत नाही. पानगी करणाऱ्या तुझ्या कोकणातल्या आजीला यात शिकण्यासारखं काही नव्हतं. आणि सगळ्यावरून म्बुगूचा पट्टा, घट्ट आवळून. हेही तुझ्या ओळखीचं. सिझर असो की साधं बाळंतपण, आजी मऊ सुती लुगडं फाडून पोट बांधायला बसली होतीच, "वारा भरेल गं." डॉक्टरांनी औषधाच्या दुकानातून पट्टा आणायला लावला तेव्हा तिने त्याची किंमत विचारली आणि लुगड्याची घडी करून ठेवली, न बोलता.

तासाभराने पोरगी शांत पडलेली दिसते. पुरुष एकेक करून बाहेर जातात. शस्त्रक्रिया संपली. फेल्किनच्या कागदाचाही मोठा भाग संपला.

दोन तासांनी बाळाला तिच्या छातीशी देतात. बाळ ओढतं. काही येत नाही. पुन्हा ओढतं, तोंड सोडून रडतं. तिचा चेहरा बघवत नाही.

तुला इथे का आणलं, ते आता. फेल्किनने लिहून ठेवलंय की दहा दिवस तिला दूध अगदी कमी होतं, आणि मुलाला बहुतांशी एका मैत्रिणीने पाजलं. झालं. मैत्रिणीच्या वाट्याला अर्धी ओळ. ती कोण, तिचं स्वतःचं मूल किती महिन्यांचं, ती रात्री इथेच निजत होती की येऊन-जाऊन होती, काही नाही. त्या अर्ध्या ओळीत मी तुला बसवते आहे. सरक, भिंतीला पाठ टेक. मांडीखाली काहीतरी उसं घे, नाहीतर तुझी शिवण दुखेल.

कुणीतरी म्हातारी बाळ तुझ्या ओच्यात टाकते. तुझ्या बाळापेक्षा हलकं आहे. खांद्यावर हिरवट लगद्याचा ठिपका. ते तोंड उघडून शोधतं, छातीला गाल घासतं, मग एकदम पकडतं आणि तुझ्या पोटात खोल कुठेतरी आकसल्यासारखं होतं. ते बरोबर आहे. मूल ओढतं तसं गर्भाशय आवळतं. सुरीवाला मनगटांनी करत होता तेच काम आता या बिनदातांच्या तोंडाने तुझ्यात चाललंय. तिच्यातही व्हायला हवं, म्हणून दर वेळी आधी तिच्याकडे द्यायचं, घटकाभर तिला चोखू द्यायचं, मग तुझ्याकडे. हे मी ठरवलेलं आहे. पण हा क्रम कुठल्याही गावातल्या कुठल्याही आजीने असाच लावला असता.

ती दुधाविना असल्याचं खापर कुणी तिच्यावर फोडत नाही. पोट चिरल्यावर, रक्त गेल्यावर, वेदनेत दूध उतरायला उशीर होतो. तो दोष बाईचा नाही. माझ्या वेळी, एका चांगल्या म्हणवणाऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या दिवशी पहाटे मला कळलं की बाळाला रात्री बाटलीतून पावडरचं दूध देऊन झालंय. विचारलं नव्हतं. "तुम्हाला येत नव्हतं ना," असं म्हणाली ती मुलगी, तिचा तरी काय दोष, चाळीस खाटांना दोघी. पण ते "येत नव्हतं" माझ्या डोक्यात वर्षभर राहिलं. मैत्रिणीचं दूध चालतं, दुसऱ्या आईचं दूध चालतं, हे आपल्याकडे पुन्हा शिकावं लागलं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, तोवर किती अशक्त बाळं पावडरीवर गेली असतील.

दुसऱ्या रात्री तिचं अंग तापतं. फेल्किन थर्मामीटर लावतो: १०१ अंश फॅरनहाइट. नाडी १०८. एरवी अकरा दिवसांत पारा ९९.६ च्या वर गेल्याचं त्याला आढळलेलं नाही. ही एकच रात्र. तो आकडा टिपतो आणि झोपायला जातो. आकड्याजवळ तू बसलेली आहेस. तिचा हात कोरडा आणि गरम आहे. तुझ्या मांडीवर बाळ, शेजारी ती, आणि बाहेर रातकिडे. ती काहीतरी बोलते, तुला भाषा येत नाही, पण पाणी मागतेय की आईला हाक मारतेय, एवढं कळतं. तुझी दुसरी रात्र आठव. लघवीची नळी, हाताला सलाइन, कुशीवर वळायचं म्हटलं तर पलंगाची दांडी धरून तीन टप्पे, खोकला आला की पोटावर उशी. आणि दर दोन तासांनी पडदा सारून विचारणारी सिस्टर, "वारा सरला का?" आयुष्यात तुझ्या वाऱ्याची इतकी वाट कुणी पाहिली नव्हती. सरला तेव्हा आईने देवाला हात जोडले.

पहाटे ताप उतरतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टा सोडतात, थोडा पू टिपून काढतात, नवा लगदा लावतात. पहिला खिळा निघतो. नवा पट्टा पुन्हा तितकाच आवळून.

चौथ्या दिवशी कागद गप्प आहे. आपण बाहेर जाऊन येऊ. टेकडीवर पीक उभं आहे. बोंडं नीट बघ, बोटं मुडपल्यासारखी. नाचणी. तुझ्या बाळाला सहाव्या महिन्यात जिचं सत्त्व भरवणार आहात ती नाचणी मूळची याच पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ पट्ट्यातली, हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. इथे ती रोजचं अन्न आहे. म्हातारी वाडग्यात तिची गरम पेज आणते तेव्हा पहिला घोट घेताच तुला वाटतं, गूळ विसरल्या या.

इथे बसल्याबसल्या एक घरची गोष्ट. याच सुमाराला, तिकडे महाराष्ट्रात, चौदा वर्षांची एक मुलगी बाळंत झाली. तिचं मूल दहा दिवस जगलं, आणि वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचलं असतं हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. आनंदीबाई जोशी. १८८६ मध्ये ती फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाली, आणि प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. तू हातात घेतलेल्या या मुलाचेही आज चार दिवस झालेत. आणखी सहा.

पाचवा दिवस. तीन खिळे. आपल्याकडे आज पाचवी पुजली असती, सुईणीला दक्षिणा गेली असती, रात्रभर दिवा ठेवला असता. इथे फेल्किन "तीन" असं लिहितो.

सहावा दिवस. उरलेले तीन. आता तिच्या पोटात लोखंड नाही. तू मोजत आलीस म्हणून सांगते, एक, तीन, तीन. हिशेब बरोबर जुळतो, आणि एकशे चाळीसहून अधिक वर्षांनी तो वाचताना मला दर वेळी थोडं हायसं वाटतं.

मधल्या दिवसांत तिला बसायला शिकवतात. म्हणजे कुणी शिकवत नाही, ती शिकते. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग पाय खाली. तुला फिजिओथेरपीवाल्या मुलीने तेच सांगितलं होतं, सरळ उठायचं नाही, कुशीवरून उठायचं. पहिल्यांदा उभी राहताना आपली आतडी गुडघ्यांवर सांडतील असं जे वाटतं, ते तिच्या चेहऱ्यावर वाचता येतं. ती खाली बघते. काही सांडलेलं नसतं. ती एक पाऊल टाकते.

आता काकूंचं काय करायचं, ते इथून बरं दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ ला भारतात शंभरातली साडेएकवीस बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं आढळलं. महाराष्ट्रात पंचवीसच्या थोडं वर. देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३, खासगीत ४७.४. या दोन आकड्यांमधली दरी नुसत्या अडलेल्या बाळंतिणींनी भरून निघत नाही हे कुणालाही कळतं, आणि त्यावर भांडायलाच हवं. डॉक्टरांशी, बिलाशी, मुहूर्त काढून देणाऱ्या जोशीबुवांशीसुद्धा. फक्त ते भांडण टाके असलेल्या बाईच्या उशाशी बसून करायचं नाही. तिचं पोट सात थरांतून उघडून मिटलेलं असतं, आणि घरी गेल्यावर तिने बाळ उचलायचं असतं.

दहावा दिवस. संध्याकाळी बाळ तिच्याकडे आहे. नेहमीप्रमाणे घटकाभराने ते चिडेल म्हणून तू हात पुढे करून बसलेली. ते चिडत नाही. गिळण्याचा आवाज येतो, एक ओढ, एक घोट, एक ओढ, एक घोट. म्हातारी मान वळवून ऐकते. ती पोरगी तुझ्याकडे बघते, आणि तुला जरासा मत्सर वाटतो. खोटं कशाला बोलायचं.

अकरावा दिवस. फेल्किन आज निघणार. जखम पुरती भरून आली आहे, स्राव ठीक आहे, बाईला आराम वाटतो, असं तो लिहितो, आणि या प्रसंगातलं आपण पाहिलं ते एवढंच, असंही. उद्या बारावा. तुझ्या घरी या दिवशी पाळणा सजला होता, घुगऱ्या वाटल्या होत्या, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं होतं आणि पाठीत बुक्के खाल्ले होते. या मुलाचं नाव ऐकायला तो थांबत नाही. आईचं नावही त्याने विचारलेलं दिसत नाही. सुरीवाल्याचंही.

बाहेर अंगणात त्याच्या सामानाची बांधाबांध चाललीय. दोन पोरं त्याची नक्कल करताहेत. एकाने काखेत काटकी धरलीय, दुसरा ती काढून डोळ्यांजवळ नेतो, भुवया उंचावतो, गंभीरपणे मान हलवतो आणि हवेत काहीतरी लिहितो. दारातून ते दिसतं आणि ती हसते. अकरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने. हसताना तिचा हात पोटावर जातो.

तुझाही.

ती बघते. तुझ्या हाताकडे, मग तुझ्या तोंडाकडे. बाळ तिच्या उजव्या बाजूला आहे, ते स्वतःच उचलून ती डाव्या बाजूला घेते, कुणाची मदत न मागता. तुझ्या छातीत अचानक कळ येते, दोन्हीकडून एकदम पान्हा फुटतो, चोळी भिजते. समोरचं बाळ तर गुपचूप पितंय. रडण्याचा आवाज दुसरीकडून येतोय.